परवडणारी रायफल आणि गोदाकाठचं शिवार

लिव्हर ॲक्शन रायफल टेक्सासात सामान्य माणसाची आहे आणि निफाड तालुक्यात श्रीमंताची. हत्यार तेच, पोलाद तेच, सव्वाशे वर्षांपूर्वीची रचनाही तीच. फरक पडतो तो काडतुसांमुळे, आयातीच्या नियमांमुळे आणि शिवाराच्या ठेवणीमुळे. म्हणून सायखेड्याच्या एखाद्या ऊस-द्राक्ष बागायतदाराने ‘परवडेल अशी रायफल कोणती?’ असं विचारलं, तर दुकानातल्या किमतीपासून सुरुवात करण्यात अर्थ नसतो. आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू. यंत्र कळलं की ते इथे का रुजलं नाही हेही कळतं.

जुन्या काउबॉय चित्रपटांत जॉन वेनच्या हातात जी रायफल दिसते ती लिव्हरची. चापाच्या खाली, बोटं आत जातील अशी लोखंडी कडी असते. ही कडी म्हणजेच लिव्हर. हापशाच्या दांड्यासारखी ती खाली-पुढे ढकलायची आणि परत ओढायची. खाली ढकलताना काडतुसामागचा पोलादी अडसर, म्हणजे बोल्ट, मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मागचा घोडा चढतो. परत ओढताना नवं काडतूस उचललं जाऊन नळीच्या बुडाशी बसतं आणि बोल्टला कुलूप लागतं. एवढं सगळं एका हाताच्या एका हेलकाव्यात होतं, दस्ता खांद्यावरून न काढता. डावखुऱ्या माणसालाही ती तितकीच सोयीची, कारण बाजूला बाहेर आलेला बोल्टचा दांडा तिला नसतो. अंगाने चपटी असल्यामुळे खोगिराला बांधता येते. एक तोटा मात्र मोठा: पालथं झोपून नेम धरला की कडी जमिनीला अडते. सैन्यांनी लिव्हरपेक्षा बाजूच्या दांड्याने चालणारी बोल्टची रायफल पसंत केली त्यामागे हे एक कारण होतं.

दुसरी मर्यादा काडतुसांच्या साठवणीची. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक बसतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं टोक टेकलेलं असतं, आणि बुडाच्या मध्यभागीच ठिणगी पाडणारी टोपी असते. गोळी टोकदार असेल आणि धक्क्याने ते टोक टोपीवर आपटलं, तर स्फोट रायफलीच्या पोटात होईल. म्हणून या रायफलींसाठी चपट्या किंवा बोथट तोंडाच्या गोळ्या करतात. बोथट गोळी हवेत लवकर मंदावते आणि लवकर खाली येते. झाडीतल्या शंभर-दीडशे मीटरवरच्या शिकारीला ती उत्तम, लांबच्या नेमाला कामाची नाही.

या रचनेची सुरुवात बेंजामिन टायलर हेन्री याच्या १८६०च्या रायफलीपासून धरतात. तिच्यात सोळा काडतुसं मावत. तिच्यातून पुढे विंचेस्टर कंपनीची १८६६ आणि १८७३ची मॉडेलं निघाली. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायन या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांपैकी काहींच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर होत्या, तर समोर कस्टर या अधिकाऱ्याच्या अमेरिकी घोडदळाकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड. त्या दिवशी कस्टरचं घोडदळ का हरलं याची कारणं इतिहासकार अजून मोजत असतात, त्यातलं हे एक.

मात्र लिव्हर रायफलीला खरी मजबुती दिली ती जॉन मोझेस ब्राउनिंग या यूटा प्रांतातल्या बंदूककाराच्या मुलाने. विंचेस्टरची १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ ही चारही मॉडेलं त्याची. नाशिककरांना हे आडनाव वेगळ्याच कारणाने पाठ असतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग बनावटीच्या पिस्तुलातल्या होत्या, आणि लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं धाडली हा पुढे सावरकरांवर चाललेल्या खटल्यातला एक मुख्य आरोप होता. काउबॉयची रायफल आणि नाशिकच्या कटातलं पिस्तूल एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेलं. हा ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये लिएज इथे, त्याची पिस्तुलं बनवणाऱ्या एफएन कारखान्यातच वारला. आपल्याकडे हत्यारांचा इतिहास तलवारी-भाल्यांवर थांबतो आणि मग एकदम बोफोर्सपाशी उगवतो, त्यामुळे मधल्या काळातले असे धागे कुणी जुळवत नाही.

अमेरिकेत ही रायफल परवडते त्याचं कारण तिथे गिऱ्हाईक मोठं आणि काडतूस गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विंचेस्टर १८९४ आजवर सत्तर लाखांहून अधिक बनली. तिचं .३०-३० हे काडतूस १८९५ साली आलं आणि आजही हरणांच्या शिकारीत चालतं. तिथला नवखा शिकारी स्वस्तात रायफल घ्यायला निघाला तर त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली आजच्या हेन्री कंपनीची .२२. तिचं बाहेरचं आवरण जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, म्हणून किंमत खाली येते. सरावासाठी ती पुरेशी, कारण .२२चं काडतूस सगळ्यांत स्वस्त. दुसरी ब्राझीलची रॉसी. ती ब्राउनिंगच्या १८९२ची नक्कल आहे आणि .३५७ मॅग्नमची मिळते. तिचा खरा फायदा हा की तीच रायफल .३८ स्पेशल हे हलकं, स्वस्त काडतूसही झाडते. तिसरी वाट जुन्या मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ची. यांचा जुना माल भरपूर आहे. विंचेस्टरची पारख करणारे ‘चौसष्टच्या आधीची की नंतरची’ हे पहिल्यांदा विचारतात, कारण १९६४ पासून कंपनीने खर्च वाचवण्यासाठी घडणीत काटकसर केली आणि नाव घालवलं. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि पुढे विंचेस्टर नावाच्या रायफली जपानच्या मिरोकू कारखान्यात तयार होऊ लागल्या. मार्लिन २०२० साली रुगर कंपनीने विकत घेतली.

एक सूचना ओघात देऊन टाकतो. निफाड-सिन्नरची पुष्कळ मुलं आता तिकडे नोकरीला आहेत. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण उरत नाही. मित्राच्या शेतावर गंमत म्हणून रायफल हाती घेण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं, कारण शिक्षा झाली तर नोकरीबरोबर व्हिसाही जातो.

आता घरी येऊ. भारतात नागरिकाला कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, बंदूक घेता येते यावर पहिली कात्री लागते. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, .४१०च्या मस्केट, .३८०, .४५५, .४५ आणि ९ मिलिमीटरची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं ही निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. सरकारी काडतूस खासगी बंदुकीत जाऊ नये, हा या यादीमागचा विचार आणि तो इंग्रजांच्या काळापासूनचा. ईशापूरच्या कारखान्यात जुन्या .३०३ रायफली पोलिसांसाठी .४१०च्या मस्केटमध्ये बदलल्या गेल्या, म्हणून .४१० हा बोअरही यादीत जाऊन बसला. विंचेस्टरची बहुतेक जुनी काडतुसं या यादीबाहेर आहेत. म्हणजे कागदावर लिव्हर रायफल घ्यायला हरकत नाही.

हरकत पुढे येते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची व्यापारी आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत मिळते, शेतकऱ्याला नाही. म्हणून देशात ज्या काही लिव्हर रायफली आहेत त्या संस्थानिकांच्या, चहामळ्यांच्या किंवा जुन्या शिकारी घराण्यांच्या संग्रहातून फिरत आलेल्या. संख्या थोडी आणि हौशी जास्त, म्हणून अमेरिकेत पडून राहिली असती अशा रायफलीलाही इथे हौसेचा भाव येतो. आणि तो मोजून हाती घेतली तरी .४४-४० किंवा .३२-२०ची काडतुसं आणायची कुठून? देशातले कारखाने ती बनवत नाहीत. जुन्या साठ्यातली चार-दोन काडतुसं कुणाकडे असली तर ती सोन्याच्या भावाने, आणि साठ वर्षं जुनी टोपी पेटेल की नाही याची खात्री कुणी देत नाही.

भारतातली सगळ्यांत गाजलेली लिव्हर रायफल केनेथ अँडरसन यांची. बंगळुरूचे हे शिकारी-लेखक .४०५ विंचेस्टर, मॉडेल १८९५ वापरत. ही ब्राउनिंगची अशी रायफल की जिच्यात काडतुसं नळीत न ठेवता पेटीत एकावर एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळीची अडचण तिला नाही. थिओडोर रूझवेल्टनेही १९०९ मध्ये आफ्रिकेत सिंहांसाठी हीच नेली होती. जिम कॉर्बेट मात्र बोल्टच्या .२७५ रिगबीवर विसंबले. मराठी वाचकाने या दोघांच्या पुस्तकांतून रायफलीचं जे वेड घेतलं ते वाचनापुरतंच ठेवावं असं माझं मत. ते जंगल, तो कायदा आणि ती काडतुसं, तिन्ही आता नाहीत.

मग भारतीय माणसाची परवडणारी रायफल कोणती? उत्तर सरळ आहे: .३१५. स्वातंत्र्याआधी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर ही नागरी रायफल काढली. काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखरवर बेतलेलं, म्हणजे सैन्याच्या .३०३शी न जुळणारं. पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्याने तिचं उत्पादन हाती घेतलं. बोल्टची, पाच गोळ्यांची, जड आणि दणकट. देखणी म्हणवत नाही. पण काडतूस देशात बनतं, आणि महाराष्ट्राला ते अनोळखी नाही: १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ हा शिक्का कित्येक पुंगळ्यांच्या बुडावर दिसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या केल्या. खडकी आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, तर ईशापूर कानपूरच्या कंपनीकडे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने इतकंच महत्त्वाचं की काडतुसाचा उगम अजून राज्यातच आहे. परवडणं ठरतं ते इथे. बंदूक आयुष्यात एकदा घेतो, काडतुसं आयुष्यभर.

इथपर्यंत वाचून .३१५चा अर्ज लिहायला बसू नका. कारण सायखेड्याच्या शेतकऱ्याला मुळात रायफल हवी का, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

१९५९च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम वाचण्यासारखं आहे. पीकरक्षणासाठी कायद्याने पहिली बंदूक नेमली आहे ती ठासणीची: तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची. ती अपुरी आहे असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक. स्वसंरक्षण किंवा खेळ या कारणासाठीही हीच गुळगुळीत नळीची. .२२ रायफल आणि एअर रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, नेमबाजीच्या सरावापुरती. बाकी रायफलींसाठी ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्यापुढे रायफल ठेवलीच नाही, आणि गोदाकाठचं शिवार पाहिलं तर त्यात शहाणपण दिसतं.

रायफलीच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. अगदी लहान .२२ची गोळीसुद्धा चुकली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. .३१५ची त्याहून कितीतरी पुढे. सायखेडा, चांदोरी, करंजगाव हा सगळा नदीकाठचा सपाट मळईचा पट्टा. गोळी अडवायला टेकडी नाही, माती चढवलेला बांध क्वचित. उसाच्या फडात काही दिसत नाही, आणि फडाच्या पलीकडे वस्ती असते, ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या कोप्या असतात, द्राक्षाच्या छाटणीला बायका बागेत असतात. अशा जागी फडाच्या दिशेने रायफल झाडणं म्हणजे गोळी कुणाला लागेल हे नशिबावर सोडणं. छर्ऱ्यांची गोष्ट वेगळी. सहा नंबरचे छर्रे दोन-सव्वादोनशे मीटरवर दम सोडतात. मोठे, एलजी-एसजीचे छर्रे त्याहून दूर जातात, तरी ते मैलाच्या गोष्टी करत नाहीत. उपयोगाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटर. शेतात त्याहून जास्त लागत नाही.

याच पट्ट्यात दुसरं एक बंधन आहे आणि ते अनेक अर्जदारांच्या लक्षात येत नाही. सायखेड्यावरून गोदावरी खाली जाते ती नांदूर मध्यमेश्वरला, कादवेच्या संगमावर. तिथला बंधारा १९०७ ते १९११ या काळात बांधला, त्याच्या फुगवट्यात गाळ साचून दलदल झाली, पाखरं आली, १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं चौतिसावं कलम सांगतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि अभयारण्य जाहीर होताना तिथे ज्यांच्याकडे परवाने होते त्यांना वनखात्याकडे नोंद करावी लागते. आपलं गाव, आपला गट या परिघात येतो का हे अर्ज करण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. येत असेल तर कागद आणखी एक टेबल फिरणार, आणि तितका वेळ जाणार.

आणि बंदूक हाती आली तरी झाडणार कशावर? द्राक्षमण्यांवर येणारी साळुंकी, पोपट मारता येत नाहीत. मोर तर वन्यजीव कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची एकमध्ये. येवल्याकडचं काळवीट आणि उसातला बिबट्या, दोन्ही अनुसूची एकमध्ये. बिबट्या दिसला की वनखात्याला कळवायचं, पिंजरा त्यांनी लावायचा. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मारला गेला तर कायदा गुन्हा मानत नाही, पण ‘तो उसात दिसला म्हणून’ हे कारण चालत नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत २०१५ साली राज्य सरकारने परवानगीचा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. ही परवानगी लेखी, त्या त्या नुकसानीपुरती, आणि मारलेलं जनावर सरकारजमा. मांस घरी नेलं की शेतकऱ्याचा शिकारी होतो. द्राक्षबागेला जाळी, चकाकत्या पट्ट्या, गोफण, आणि उसाच्या कडेला सौरकुंपण यांवर खर्चलेले पैसे बंदुकीपेक्षा अधिक पीक वाचवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदुकीचा खरा उपयोग हवेत बार काढण्याचा, आणि त्याला ठासणीची पुरते. कायद्याने ठासणीची पहिली धरली ती उगाच नव्हे.

तरीही वस्ती लांब आहे, परवाना मंजूर झाला आहे आणि घ्यायचीच आहे, तर बारा बोअर. शुद्ध शिशाच्या एकसारख्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरल्या की त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. एकनळी की दुनळी? एकनळी स्वस्त, हलकी, बिघडण्यासारखं तिच्यात फार नाही. दुनळीला दुसरा बार हाताशी असतो आणि दोन नळ्यांना वेगवेगळी काडतुसं भरता येतात, पण दोन घोडे, दोन चाप, दुप्पट कटकट. पीकरक्षणाला एकनळी पुरेशी. नव्या बंदुका सरकारी कारखान्यांच्या आहेत आणि मुंगेर, जम्मू इथल्या परवानाधारक खासगी कारखान्यांच्याही. खासगी बंदूक घेताना नळीवर चाचणीचा शिक्का आहे का ते पहिल्यांदा पाहावं. शिक्का नसलेली नळी फुकट मिळाली तरी नको.

जुन्या बंदुकीत पैसे वाचतात आणि धोकाही तिथेच. इंग्लंडात घडलेल्या अनेक जुन्या बंदुकांची काडतूस बसायची जागा ६५ मिलिमीटरची असते. आजचं पुष्कळसं काडतूस ७० मिलिमीटरचं. हे मोजमाप उडालेल्या, उघडलेल्या पुंगळीचं असतं, त्यामुळे न उडालेलं ७०चं काडतूस ६५च्या जागेत सहज बसतं. माणूस फसतो तो इथे. बार झाला की तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब भलताच वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचा, आकडा पुसला असेल तर दुकानदाराकडून मोजून घ्या. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली नळी. ती भिंतीवर शोभते, आजच्या काडतुसाला नको. उजेडाकडे धरून नळीतून पाहा: आतले खड्डे, गंजाचे काळे ठिपके, कुठे पोचा पडून उजेडाचं कडं वाकडं झालं आहे का. बंदूक मिटवून नळी आणि दस्ता हलवा, खडखड वाजली की सांधा झिजलेला. दस्त्याला सांध्याजवळ बारीक चीर असेल तर तेलाने ती लपवतात, कापडाने पुसून बघा. आणि खासगी माणसाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. घाई करणारा विकणारा दिसला तर तिथून उठावं.

परवान्याची कागदपत्रं इथे विस्ताराने सांगत नाही, ती बदलत राहतात. ठळक तेवढं: वय एकवीस पूर्ण, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा अहवाल. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला. एका वेळी आणि वर्षात किती काडतुसं घेता येतील हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. निवडणूक आली की आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येऊ शकतो. गावपातळीवरच्या राजकारणात वावरणाऱ्याला तो येतोच.

ज्याला पीक राखायचं नाही, नेम धरण्याची गोडी आहे, त्याने यातल्या कशाच्याच मागे लागू नये. त्याला एअर रायफल. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७पर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याविना घेता येते. या प्रकारातली जुनी आयएचपी रायफल वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. त्याच वालचंदांनी मालेगाव तालुक्यात रावळगावची साखर आणि पुढे गोळ्याही दिल्या, त्यामुळे नाशिक जिल्ह्याने त्यांच्या दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या चाखल्या. आज ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसिहोलच्या रायफली सरावासाठी चांगल्या समजल्या जातात. परवाना नको म्हणून ती खेळणं ठरत नाही. तिचा छर्रा डोळा फोडतो, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाखरावर झाडली तर वन्यजीव कायदा एअर रायफल आणि बारा बोअर यांत फरक करत नाही.

पॅरिस ऑलिंपिकात २०२४ मध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे धडे त्याने नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. सायखेड्याच्या एखाद्या मुलाच्या हातात रायफल द्यायचीच असेल तर ती तिथल्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखत द्यावी. क्लबची रायफल, क्लबची शिस्त, आणि पालकांना फक्त छर्ऱ्यांचा खर्च.

शेवटची गोष्ट विकत घेण्याची नाही. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीमागे, आजोबांची ठासणीची किंवा एखादी गंजलेली दुनळी निघते. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपलेला असतो. वारसाला ती परवान्याविना आठवण म्हणून घरात ठेवता येत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं अशी झाली आहे. तशी बंदूक सापडली तर तिला हात कमी लावा, भरलेली आहे असंच धरून चाला, आणि उशीर न करता सायखेडा पोलीस ठाण्याला कळवून ती जमा करून पावती घ्या. आपल्या नावावर हवी असेल तर परवान्याचा अर्ज त्यानंतर करता येतो.